कर्करोगाशी लढा : शरीराच्या स्वतःच्या शक्तीने

(संस्थेच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात रुग्णालय प्रशासनाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्च, खाटा आणि नवी यंत्रसामग्री यांविषयी बोलतो. ते सर्व तपशील अहवालाच्या पुढील पानांत आहेतच. या वर्षी मात्र विश्वस्त मंडळाने आमच्यावर निराळी कामगिरी सोपविली आहे. कर्करोगावरील 'इम्युनोथेरपी' या उपचारासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली आहे. निधी कशावर खर्च व्हावा हे ठरविण्यापूर्वी हा उपचार म्हणजे नेमके काय, हे सर्वांना समजेल अशा भाषेत मांडावे, असे मंडळाने सुचविले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. म्हणून पुढील विवेचन आमच्या कर्करोगतज्ज्ञांकडून समजून घेऊन व तपासून घेऊनच आपणापुढे ठेवीत आहोत.

प्रारंभी एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. दोन वर्षांपूर्वी, आषाढ महिन्यात, एक तरुण आमच्या कक्षात आला. वडिलांना तोंडाचा कर्करोग. शस्त्रक्रिया झाली होती, परंतु रोग उलटला होता. तरुणाच्या हातात चिठ्ठी होती. तिच्यावर एका औषधाचे नाव आणि एक रक्कम लिहिलेली. अन्यत्र कोणीतरी ती त्याला लिहून दिली होती. तो म्हणाला, "साहेब, जमिनीचा इसार घेतलाय. हे औषध दिलं की बाबा बरे होतील ना?"

त्या औषधाची किंमत आम्हांस ठाऊक होती. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठाऊक नव्हते. आम्ही त्याला बसविले, पाणी दिले आणि कर्करोग विभागाच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्या तरुणाला पुढे काय उत्तर मिळाले, ते शेवटी सांगू. ते समजण्यासाठी आधी थोडी पूर्वपीठिका पाहू.

आपल्या शरीरात रोगांपासून रक्षण करणारी एक यंत्रणा अहोरात्र जागी असते. तिच्यातील 'टी पेशी' नावाच्या पांढऱ्या पेशी शरीरभर फिरत असतात आणि प्रत्येक पेशीची ओळख तपासतात. आमच्या परिभाषेत सांगायचे तर त्या अंतर्गत लेखापरीक्षक आहेत. परका जंतू दिसला की त्या हल्ला करतात. बिघडलेली पेशी दिसली तर तिलाही नष्ट करतात. कर्करोगाची पेशी मात्र बाहेरून आलेली नसते. ती आपलीच, परंतु बिघडलेली. बनावट पावतीवर अधिकाऱ्याची खरी सही मिळविलेली असावी, तसे तिचे असते. लेखापरीक्षक पावती हाती घेतो, सही पाहतो आणि पुढे जातो. पावत्या साचत जातात, आणि गैरव्यवहार उघडकीस येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ही यंत्रणा जागविता आली तर कर्करोग हटेल, ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम कोली नावाचे एक तरुण शल्यचिकित्सक होते. रुग्णालयातील जुन्या नोंदी चाळताना त्यांना एका रुग्णाची हकीकत आढळली. मानेवरील गाठ वारंवार काढूनही पुन्हा वाढत होती. पुढे त्या रुग्णाच्या त्वचेला जंतुसंसर्ग होऊन तीव्र ताप आला. ताप उतरला आणि गाठही गेली. कोलींनी त्या मनुष्याचा शोध घेतला, तेव्हा तो अनेक वर्षांनंतरही सुखरूप असल्याचे दिसले. १८९१ मध्ये त्यांनी कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम ते जंतू टोचण्यास आरंभ केला. काहींच्या गाठी विरल्या. काहींना त्या संसर्गानेच धोका झाला. हे का घडते, हे तेव्हा कोणालाच सांगता येईना. पुढे किरणोपचार आले आणि ही वाट जवळजवळ विसरली गेली. आम्हांस या कथेत एक गोष्ट मोलाची वाटते. हा शोध जुन्या नोंदवहीतून लागला. रुग्णांच्या नोंदी काटेकोर ठेवाव्यात, असा आग्रह आम्ही धरतो तेव्हा आमचे सहकारी कधीकधी कंटाळतात. त्यांनी कोलींचे स्मरण ठेवावे.

या उपचाराचे दुसरे पाऊल आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर उमटलेले आहे. क्षयाविरुद्धची बीसीजी लस आपण लहानपणी टोचून घेतली, तिचा तो व्रण. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तयार केलेली ही लस १९२१ मध्ये प्रथम मानवाला देण्यात आली. १९७६ मध्ये कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालिस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगात तिचा उपयोग प्रसिद्ध केला. नळीवाटे बीसीजी मूत्राशयात सोडली की तेथील रोगप्रतिकार यंत्रणा खडबडून जागी होते, आणि जंतूंबरोबर कर्करोगाच्या पेशींचाही समाचार घेते. रोग मूत्राशयाच्या आतील थरापुरता असेल, परंतु उलटण्याचा धोका मोठा असेल, अशा रुग्णांसाठी आजही हाच मान्य उपचार आहे. म्हणजे 'इम्युनोथेरपी' हा शब्द जाहिरातींत येण्याच्या कितीतरी आधीपासून, कोणताही गाजावाजा न होता, ती दिली जात होती.

खरे रहस्य उलगडले ते १९९० च्या दशकात. टी पेशींच्या पृष्ठभागावर 'थांब' असा आदेश स्वीकारणारी केंद्रे असतात. ती नसती तर या पेशींनी आपल्याच अवयवांवर हल्ला चढविला असता. जपानमधील क्योटो विद्यापीठाचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये 'पीडी-१' नावाचे असे एक केंद्र शोधले. पुढे दिसून आले की अनेक कर्करोग नेमके हेच केंद्र दाबतात आणि टी पेशींना गप्प बसवितात. अमेरिकेत जेम्स ॲलिसन हे अशाच दुसऱ्या केंद्रावर काम करीत होते. ते केंद्र झाकले तर टी पेशी पुन्हा कामाला लागतात आणि उंदरांमधील गाठी नष्ट होतात, हे त्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. या तत्त्वावरील पहिल्या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली. २०१८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघा शास्त्रज्ञांना विभागून देण्यात आले.

या औषधांचे वैशिष्ट्य असे की ती स्वतः कर्करोगाला मारीत नाहीत. ती केवळ लेखापरीक्षकाच्या डोळ्यांवरील पट्टी काढतात; पुढील काम शरीर स्वतः करते. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे उदाहरण पाहावे. तो शरीरभर पसरला की पूर्वी बहुसंख्य रुग्ण वर्षभरही जगत नसत. अशी दोन औषधे एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

याहून पुढचे पाऊल म्हणजे 'कार-टी' उपचार. यात रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी काढून घेतात. प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखण्याचे नवे साधन जोडतात, त्यांची संख्या वाढवितात आणि त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियातील बालरुग्णालयात, रक्ताचा कर्करोग वारंवार उलटलेल्या एका लहान मुलीवर हा उपचार झाला आणि ती बरी झाली. २०१७ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, तेव्हा एका रुग्णासाठी किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये.

येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते की या उपचाराचा भारतीय अवतार आपल्या महाराष्ट्रात घडला. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून तो विकसित केला. ४ जून २०२१ रोजी खारघर येथील ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत पहिल्या रुग्णाला तो देण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. त्याची किंमत परदेशातील किमतीच्या सुमारे एक दशांश. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इतर उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत त्याचा गुण दिसला. परंतु गुण दिसणे आणि कायमचे बरे होणे यांत अंतर आहे. त्यांतील अनेकांचा रोग काही महिन्यांत पुन्हा उलटला. शिवाय हा उपचार तूर्त रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या विशिष्ट कर्करोगांसाठीच आहे. तोंडाच्या, स्तनाच्या वा गर्भाशयमुखाच्या नव्हे.

आता आपल्या ओसरीवरील प्रश्नाकडे वळतो. आपल्या भागात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा व घशाचा कर्करोग फार. त्यात पीडी-१ केंद्रावरील औषधे उपयोगी पडतात, हे सिद्ध झालेले आहे. तरीही भारतासारख्या देशांत ज्यांना ती मिळावयास हवीत, अशा शंभर रुग्णांपैकी जेमतेम एक ते तीन रुग्णांना ती मिळतात. कारण एकच, पैसा.

या ठिकाणी टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी जो विचार केला, तो आम्हां हिशेबनीसांच्या मनाला विशेष भिडला. त्यांनी प्रश्न विचारला : एवढी मात्रा खरोखर लागते का? निव्होलुमॅब या औषधाची एक रूढ मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम दिले. सहा आठवड्यांचा हिशेब मांडून पाहावा. रूढ पद्धतीने तीन मात्रा, म्हणजे ७२० मिलिग्रॅम. त्यांच्या पद्धतीने दोन मात्रा, म्हणजे ४० मिलिग्रॅम. औषध एक अष्टमांश नव्हे, तर एक अष्टादशांश!

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगाचे १५१ रुग्ण होते. निम्म्यांना पोटात घेण्याची स्वस्त औषधे दिली. निम्म्यांना त्यांच्या जोडीला हे अल्प मात्रेतील इंजेक्शन. एक वर्षानंतर पहिल्या गटातील १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ही तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती; केवळ गोळ्यांशी होती. तरी ज्या कुटुंबाला पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती, त्याच्या दृष्टीने हीच तुलना खरी होती.

या उपचाराविषयी काही गोष्टी, विशेषतः कुटुंबीयांसाठी, स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट : हा उपचार सर्वांना लागू पडत नाही. अनेक कर्करोगांत गाठीच्या तुकड्याची विशेष तपासणी केल्यावरच औषधाचा उपयोग होण्याची शक्यता कितपत आहे, हे समजते. तपासणीविना किंवा तज्ज्ञांच्या विचारविनिमयाविना कोणी औषधाचे नाव आणि रक्कम लिहून दिली, तर जमीन, दागिने विकण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

दुसरी गोष्ट : यालाही दुष्परिणाम आहेत. जागी झालेली यंत्रणा कधीकधी आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर, फुप्फुसांवर, यकृतावर किंवा आतड्यांवर उलटते. क्वचित उपचार थांबल्यानंतर काही महिन्यांनीही. धाप लागणे, सतत जुलाब होणे, कावीळ, विलक्षण थकवा, ही लक्षणे दिसताच रुग्णालयात यावे. 'कर्करोगच आहे, थकवा यायचाच', असे म्हणून घरी बसू नये.

तिसरी गोष्ट : प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाने बाजारात मिळणारे काढे, चूर्णे आणि पावडरी म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे. दोहोंत केवळ नावाचे साम्य आहे.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची : तोंडातील चट्टा किंवा न भरणारी जखम वेळीच दाखविली, तर शस्त्रक्रियेने रोग बरा होण्याची जी संधी असते, तिची बरोबरी उशिरा दिलेले कोणतेही महागडे औषध करू शकत नाही.

या पार्श्वभूमीवर प्रस्तावित निधीचा विनियोग कसा व्हावा, याविषयी आमचे निवेदन असे आहे. आपल्या रुग्णालयाने कार-टी उपचाराचे केंद्र उभारण्याचा विचार तूर्त करू नये. ते आपल्या कुवतीचे काम नव्हे, आणि ते करणाऱ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. पात्र रुग्णांची कागदपत्रे नीट तयार करून त्यांना तेथे पाठविणे, सोबतच्या नातेवाइकाच्या प्रवासाची व निवासाची सोय पाहणे, एवढे आपण निश्चित करू शकतो.

निधीचा पहिला हक्क तपासणीचा असावा. औषधासाठी मदत मागणारे पुष्कळ असतात. तपासणीसाठी कोणी मागत नाही. परंतु काही हजारांच्या तपासणीने काही लाखांचा अनाठायी खर्च टळतो, आणि त्याहून मोठे म्हणजे खोटी आशा टळते.

दुसरा हक्क अल्प मात्रेतील उपचाराचा. कर्करोग विभागाच्या संयुक्त बैठकीत ज्यांच्यासाठी तो योग्य ठरेल, त्यांनाच तो मिळावा. येथे आमच्या औषधनिर्मात्यांनी एक व्यवहार्य सूचना केली आहे. या औषधाची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची येते. एका रुग्णाला २० लागते. उघडलेली कुपी साठवून ठेवता येत नाही. म्हणजे रुग्ण एकटा आला तर निम्मे औषध वाया जाते. दोघे एकाच दिवशी आले तर एक थेंबही वाया जात नाही. म्हणून अशा रुग्णांसाठी आठवड्यातील एकच वार ठरवावा आणि त्यांना जोडीने बोलवावे. देणगीदारांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाचे मोल दुप्पट करण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस माहीत नाही.

तिसरा हक्क लसीकरणाचा. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या भारतीय लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा वर्षे वयाच्या मुलीला ही लस देणे म्हणजे रोग होण्याच्या कित्येक वर्षे आधीच तिच्या शरीरातील रक्षकांना शत्रूची ओळख करून देणे होय. रोगप्रतिकारशक्तीचा कर्करोगाविरुद्ध याहून स्वस्त आणि सुंदर उपयोग दुसरा नसेल. या कामाला देणगीदारांच्या नावाचा फलक लागणार नाही. वीस-तीस वर्षांनी जो आजार होणार नाही, त्याचे आभार मानायला कोणी येत नसते. तरीही हे काम करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

आता त्या तरुणाची हकीकत पूर्ण करतो. आमच्या डॉक्टरांनी सर्व कागद पाहिले आणि पितापुत्रांना समोर बसवून सांगितले, "रोग पूर्ण बरा होण्याची आशा आम्ही देऊ शकत नाही. काही महिने मिळू शकतील, आणि ते बऱ्या स्थितीत जावेत यासाठी आम्ही प्रयत्न करू. त्यासाठी जमीन विकण्याचे कारण नाही." गोळ्या आणि अल्प मात्रेतील इंजेक्शन, असा उपचार सुरू झाला. खर्चाचा काही भाग संस्थेच्या गरीब रुग्ण साहाय्य निधीतून दिला गेला. तरुणाने इसार परत केला. वडिलांना गुण आला, गिळणे सुधारले, दिवाळी त्यांनी घरी साजरी केली. पुढील वैशाखात ते गेले.

त्यानंतर महिनाभराने तो तरुण पुन्हा आमच्या कक्षात आला. देयकाची उरलेली अल्पशी रक्कम त्याने भरली. जाताना म्हणाला, "साहेब, यंदा त्या रानात सोयाबीन पेरलंय. शेवटी शेवटी बाबा बांधावर येऊन बसायचे."

त्या दिवशी आम्हांस उमगले की आमच्या विभागाने त्या कुटुंबाला दिलेली खरी मदत सवलतीची नव्हती. वेळेवर मिळालेले खरे उत्तर, हीच ती मदत होती. असे उत्तर प्रत्येक कुटुंबाला मिळावे, आणि ज्याला उपचाराचा खरोखर लाभ होणार आहे तो केवळ पैशाअभावी वंचित राहू नये, एवढ्याचसाठी हा निधी आम्ही मागत आहोत. त्याच्या प्रत्येक रुपयाचा स्वतंत्र हिशेब पुढील अहवालात आपणांपुढे ठेवला जाईल. किती रुग्णांना उपयोग झाला याबरोबरच किती जणांना झाला नाही, हेही त्यात नमूद असेल, असे आश्वासन आम्ही देतो.